यादीतलं पहिलं नाव

कागद कांड्यांच्या पेटीवर ठेवला होता. पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून मी त्यावर मागाचा, आडवं सूत नेणारा एक जुना धोटा ठेवला होता, आणि शेजारी पेन. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातली वीस मिनिटं सरली होती आणि कारखान्यातल्या छत्तीस माणसांपैकी एकानंही पेनाला हात लावला नव्हता.

पळून मात्र कुणी गेलं नव्हतं. सगळे पेटीभोवतीच उभे होते. कुणी भाकरीचा शेवटचा तुकडा उगाच चावत होता, कुणी मळून झालेली तंबाखू पुन्हा मळत होता.

"काय वंगाळ लिवलंय काय त्यात?" मी विचारलं. "कुणाला कळलं नसंल तर परत वाचते."

"वंगाळ कशाला? चांगलंच लिवलंय की," तानाजी जॉबर म्हणाला. माग बिघडला की दुरुस्त करणारा हा माणूस. मालकाशी सुद्धा वर मान करून बोलायचा. "पर पयली सही कुणाची?"

"तुझी कर."

"माझी? अक्का, गंमत करतीस व्हय? माझ्या घरात खाणारी सात तोंडं हाईत."

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मी तेव्हा इचलकरंजीत विलासशेठच्या पत्र्याच्या छपराखालच्या यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायला होते. माझं नाव अक्काताई म्हेत्रे, पण सगळा कारखाना मला अक्काच म्हणायचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. दहावी पास झालेली बाई कारखान्यात मी एकटीच. त्यामुळे कुणाच्या पोराचा शाळेचा अर्ज, कुणाच्या रेशनकार्डाची भानगड, सगळं माझ्याच गळ्यात. मलाही त्याचा थोडा माज होता, खोटं कशाला बोलू?

कागद होता विम्याच्या कार्डासाठी. ते कार्ड मिळालं की विम्याच्या दवाखान्यात औषधपाणी फुकट, आणि डॉक्टरनं विश्रांती लिहून दिली तर घरी बसूनही पगाराचा मोठा हिस्सा मिळायचा. पण ते लागू व्हायला कारखान्यात निदान दहा माणसं लागायची. आमच्याकडे छत्तीस होती. तरी आम्ही त्यात बसत नव्हतो, कारण आमच्या एका दाराला चार पाट्या होत्या. एक शेठच्या नावाची, एक त्यांच्या बायकोच्या, एक मेव्हण्याच्या आणि एक आईच्या. प्रत्येक पाटीखाली कागदोपत्री नऊ माणसं. शेठची आई वारून सहा वर्षं झाली होती, पण बिचारी मेल्यावरही नऊ माणसं कामाला लावून बसली होती.

गावभर हीच तऱ्हा. म्हणून नझीर मास्तर मोमीन यांनी सह्यांची मोहीम काढली. मास्तर नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले, सायकलीवर पिशवी अडकवून गल्लोगल्ली फिरायचे. आम्ही अकरा जण त्यांच्याबरोबर. रोजच्या पाळ्या करून उरलेल्या वेळात प्रत्येकानं एकेक भाग वाटून घेतला होता. मागणी साधीच होती: पाट्या मोजू नका, एका छपराखालची माणसं मोजा आणि सगळ्यांना कार्ड द्या.

घराघरांतून सह्या मिळत होत्या. कारखान्यात आलं की गाडं अडायचं. मागवाल्यांच्या गावात एक गोष्ट लहान पोरांनाही ठाऊक होती: कुठल्याही अर्जावर पहिलं नाव ज्याचं, तो पुढारी. मालक खालची नावं वाचतच नाहीत. मागं एकदा बोनसच्या अर्जावर गणपा मुसळेनं पहिली सही केली, तर त्याला गावात एकाही मालकानं माग दिला नाही. शेवटी बायकापोरं घेऊन तो भिवंडीला गेला. तेव्हापासून पहिल्या ओळीवर सही करायला माणूस मिळत नसे. दुसऱ्या ओळीला मात्र रांग लागायची.

तर त्या दिवशी पंचवीस मिनिटं झाली तरी सह्यांची जागा कोरीच. मी वैतागून तो घडी घालायला घेतला. तेवढ्यात मागून खोकल्याचा आवाज आला आणि लोकांनी वाट दिली.

इराप्पाअण्णा आला होता. इराप्पा हुक्केरी, पन्नाशीचा माणूस, कारखान्यातला सगळ्यात जुना विणकर. त्याच्यासाठी हा कागद होता असं म्हटलं तरी चालेल. तीस वर्षं त्यानं धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घेतलं होतं. आम्ही सगळेच तसं करायचो, हातानं ओवायला वेळ कुणाला? पण अण्णाच्या छातीत कापूस बसला. डॉक्टरनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं: ही धूळ सोड, सहा महिने घरी पड, औषध चुकवू नकोस, तर जगशील. घरी पडला तर खाणार काय? कार्ड असतं तर पडता आलं असतं. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, त्याला तर होतंच.

"कशापायी भांडताय?" त्यानं विचारलं.

"पयला कोण म्हणून," मी म्हणाले.

त्यानं कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला. मग आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण मधोमध पालथं ठेवलं आणि कडेनं पेन फिरवून एक गोल काढला.

"आता ह्याच्या भवतीनं सह्या करा," तो म्हणाला. "ह्यात पयला कोण आन् शेवटचा कोण, शेठच्या बाला तरी कळंल काय?"

तानाजी खो खो हसत सुटला. पाच मिनिटांत चौतीस सह्या आणि अंगठे झाले. लोक पेटीभोवती फिरून फिरून सह्या करत होते. भोंगा झाला तरी दोघं उरले होते. त्यांच्या सह्या मागांच्या खडखडाटात घेतल्या. मी इतकी खूश होते की घरी जाताना पोरींसाठी भजी घेऊन गेले.

शनिवारी मास्तर आणि मी ते सगळे कागद घेऊन विम्याच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या साहेबांनी बाकीच्या याद्या चाळल्या आणि आमचा गोल बघून थबकले. त्यांनी कागद आधी सरळ धरला, मग आडवा, मग मोटारीच्या चाकासारखा पूर्ण फिरवला.

"ही काय कुंडली आहे का कुणाची?"

"साहेब, सह्या खऱ्या आहेत," मास्तर म्हणाले. "लोक घाबरतात, म्हणून..."

"असतील खऱ्या. मला यादी पाहिजे. अनुक्रमांक एक, दोन, तीन. एक नंबरला अर्जदार. पत्र त्याच्या नावानं जाणार." त्यांनी कागद परत सरकवला. माणूस वाईट नव्हता, त्यानं वर हेही सांगितलं, "हा गोल मागं जोडा हवं तर. पण यादी सोमवारी बारापर्यंत आली पाहिजे. नंतर मी घेणार नाही."

मी विचारलं, "यादी मालकाला दिसणार का?"

"पडताळणीला एक प्रत त्यांच्याकडे जाणारच. ही माणसं तुमच्याकडे आहेत का, हे त्यांना विचारायला नको?"

बाहेर आल्यावर मास्तर सायकलीचं कुलूप काढत म्हणाले, "उद्या घरी बसून उतरवून काढ. अर्जदार म्हणून तुझंच नाव घाल, अक्का. मोहिमेची माणूस तूच आहेस तिथली."

"हो," मी म्हणाले.

"भीती वाटते का?"

"कशाची?"

"नाही, विचारलं आपलं," ते म्हणाले आणि सायकलीवर बसले.

रविवारी दुपारी मी यादी करायला बसले. माझ्या दोन पोरी, थोरली अकरा वर्षांची आणि धाकटी आठ. त्यांचा बाप गोकाकला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला होता. घर माझ्या कांड्यांवर चालायचं. थोरलीला मी गोलाचा कागद दिला आणि म्हटलं, तू नावं वाच, मी लिहिते.

तिनं कागद गुडघ्यावर धरला. "पहिलं कुणाचं वाचू?"

"थांब जरा."

मी ओळी आखल्या. एक ते छत्तीस आकडे घातले. मग उठून भांडी घासली. भांडी सकाळीच घासलेली होती, थोरली ते बघत होती. परत येऊन बसले, पेनाचं टोपण काढलं आणि एक नंबरच्या पुढं लिहिलं: इराप्पा सिद्धाप्पा हुक्केरी.

"हं, आता वाच. कुठूनही."

ती वाचत गेली, मी लिहीत गेले. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "आई, तुझं नाव कितवं?"

"येईल तिथं घाल."

ते सतरावं आलं.

सोमवारी ऑफिसच्या रांगेत मास्तरांनी यादी बघितली. त्यांची नजर वरच्याच ओळीवर अडकून राहिली.

"इराप्पा?"

"कार्डं नंबरानं येतात म्हणे, मास्तर. अण्णाला सगळ्यात आधी पाहिजे. म्हणून घातलं."

"नंबरानं येतात हे कुणी सांगितलं तुला?"

"लोक म्हणतात."

"त्याला विचारलंस का?"

"विचारते आज."

म्हणजे विचारलं नव्हतं. मास्तरांना ते कळलं. पण पावणेबारा झाले होते, आमच्या पुढं चार माणसं होती, आणि त्यांच्या पिशवीत गावभरच्या हजारो सह्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि यादी गठ्ठ्यात ठेवली. पुढं कित्येक वर्षं आमचं रोजचं बोलणं होतं, पण त्या रांगेबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मीही नाही.

दुपारच्या पाळीला मी अण्णाच्या मागाशी गेले. खडखडाटात ओरडूनच सांगावं लागलं.

"अण्णा, तुमचं नाव यादीत पयलं घाटलंय!"

"आं?"

"पयलं! कार्ड लवकर यावं म्हणून!"

त्यानं माग बंद केला. एकटा तो माग थांबल्यावर तिथं शांतता वाटली असं नाही, बाकीचे चालूच होते. त्यानं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं असं मला वाटलं, पण तेवढा वेळ गेला नसेल. मग तो हसला.

"बरं झालं की. जल्मात कशात पयला आलो न्हवतो."

आणि त्यानं माग सुरू केला.

पंधरा दिवसांनी प्रत शेठकडं आली. विलासशेठ आरडाओरडा करणारा माणूस नव्हताच. गोड बोलून पाठीवर हात ठेवायचा आणि मग मान कापायची, ही त्याची रीत. सकाळच्या पाळीला दिवाणजी दारातच उभा होता. एकेकाला आत सोडत होता. अण्णा आला तसा त्यानं हात आडवा केला.

"इराप्पा, शेठ म्हणालेत, तुमची तब्येत बरी नाही. विश्रांती घ्या आता."

"किती दिवस?"

"तब्येत सुधारंपर्यंत."

"म्हंजे किती दिवस, दिवाणजी?"

दिवाणजीनं खाली बघितलं. तोही पगारी माणूस. अण्णानं डबा या हातातून त्या हातात घेतला, आत एकदा नजर टाकली आणि गेला. मी त्याच्या मागंच तीन माणसं सोडून उभी होते. माझी पाळी आल्यावर दिवाणजी म्हणाला, "जा आत, अक्का." मी आत गेले.

दुपारी मास्तर कारखान्याच्या बाहेर आले. चहाच्या टपरीमागं आम्ही पंधरा-वीस जण जमलो.

"एक दिवस काम बंद करा," मास्तर म्हणाले. "फक्त एक दिवस. सगळे माग थांबले तर तो उद्या इराप्पाला घरी येऊन बोलावून नेईल. त्याची ऑर्डर अडलीय, मला माहीत आहे."

तानाजी म्हणाला, "करूया की. अण्णासाठी येवढं नको व्हय?"

दोघाचौघांनी माना हलवल्या. खरंच, त्या घडीला लोक तयार होते. पेनाला हात न लावणारी हीच माणसं, पण अण्णाचं नाव निघाल्यावर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी आलं होतं. मग कुणीतरी म्हणालं, "अक्का, तुला काय वाटतंय? तू शिकलेली हाईस."

मी म्हणाले, "विम्याच्या साहेबांची तपासणी व्हायची आहे अजून. आता माग थांबवले तर शेठ म्हणेल, माणसं माझी नाहीतच. सगळ्यांनाच बाहेर काढील. मग ना अण्णाला कार्ड, ना आपल्याला. तपासणी होईपर्यंत दम धरा. कार्डं आली की अण्णाचं नाव आपोआप येईल, पयलंच आहे."

बोलणं शहाणपणाचं होतं. लोकांना पटलं, आणि पटल्यावर त्यांना हायसंही वाटलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तानाजीनं चहाचा पेला उपडा केला. मास्तर सायकल हातात धरून चालत गेले.

गावात दुसऱ्या कुणी अण्णाला माग दिला नाही. महिनाभरानं त्यानं गल्लीतल्या एका घरातले दोन माग चालवायला घेतले, तेही दुसऱ्याच्या नावावर. त्या खोलीला खिडकी नव्हती. वर पत्रा, खाली धूळ. मी दोनदा तिकडून गेले. आतला खोकला रस्त्यावर ऐकू यायचा.

तपासणी दिवाळीनंतर झाली. तपासनीस चांगले निघाले. चारही पाट्यांखालून वाकून आत शिरले आणि माणसं मोजून बाहेर आले. हुकूम निघाला: हा एकच कारखाना, सगळ्यांना विमा लागू. गावातल्या आणखी चाळीसेक कारखान्यांना तसाच हुकूम झाला. मास्तरांच्या घरापुढं लोकांनी फटाके उडवले. मास्तरांनी सगळ्यांना हात जोडले आणि आत जाऊन दार लावून घेतलं, कारण हुकुमातली एक ओळ त्यांनी वाचली होती. तपासणीच्या दिवशी जे कामावर हजर असतील, त्यांनाच कार्ड.

आम्ही पस्तीस होतो.

मास्तरांनी अण्णासाठी ऑफिसच्या किती खेपा घातल्या याची गणती नाही. चपला झिजल्या म्हणतात ना, त्या खरोखरच झिजल्या. प्रत्येक वेळी एकच उत्तर: त्यांना कामावर घेतल्याचं मालकाकडून लिहून आणा. मालक म्हणायचा, माझं त्याच्यावर प्रेम आहे हो, पण त्याची तब्येत बघा, माझ्या मनाला पटत नाही.

माझं कार्ड आलं त्या संध्याकाळी मी अण्णाच्या घरी गेले. तो भिंतीला टेकून बसला होता, आडवं झालं की दम लागायचा. त्याची बायको पारव्वा, मी तिला वहिनीच म्हणायचे, चुलीपुढं होती.

"आली काय कार्डं?" त्यानं विचारलं.

"आली."

"किती जणांला?"

"पस्तीस."

तो मान हलवत राहिला. दोन वाक्यांच्या मध्ये त्याला थांबावं लागायचं. "मग झालं की. पस्तीस घरं म्हंजे... थोडी न्हाईत."

"अण्णा, मास्तर अजून प्रयत्न करत्यात."

"मास्तर लई चांगला माणूस." मग म्हणाला, "पोरी काय म्हंत्यात? थोरलीला शाळंत घाल फुडं. कांड्यावर आणू नको."

"नाही आणणार."

"न्हाई आणायची," तो म्हणाला. यादीबद्दल तो बोलला नाही. मी बोलले नाही. वहिनीनं चहा दिला, तो मी गरम गरमच संपवला आणि उठले.

माघात अण्णा गेला. मिरजेला सरकारी दवाखान्यात नेलं होतं, तिथल्या डॉक्टरांनी दोन दिवस धडपड केली. पण माणूस फार उशिरा आणलात म्हणाले. मयताला पस्तीसच्या पस्तीस माणसं आली. त्या दिवशी मात्र कारखाना अर्धा दिवस बंद राहिला, शेठनं स्वतःहून ठेवला. शेठही आला होता, पांढरा शर्ट घालून.

दोन महिन्यांनी मास्तरांनी शब्द टाकला आणि शेठनं पारव्वावहिनीला कांड्यांवर घेतलं. माझ्या शेजारचंच यंत्र. शेठची गावात वाहवा झाली: बघा, विधवेला आधार दिला. तिचं कार्ड काढायचा अर्ज आला तेव्हा तो भरायला अर्थात माझ्याकडंच आला.

तीच जेवणाची सुट्टी, तीच पेटी. बाकीचे बाहेर टपरीवर गेले होते. मी लिहीत होते, वहिनी समोर उकिडवी बसली होती. नाव, वय, गाव. मयत पतीचं नाव मी न विचारताच लिहिलं. ती अक्षरांकडं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"अक्का, येक इचारू?"

"विचारा की, वहिनी."

"त्येंचं नाव तू पयलं का घाटलंवतंस?"

माझं पेन थांबलं नाही. ते मी थांबू दिलं नाही. "अण्णाला कार्ड सगळ्यांच्या आधी मिळावं म्हणून. आजारी माणूस, मला वाटलं..."

"हं," ती म्हणाली.

मी वारसाच्या रकान्यात आले. तिनं मुलाचं नाव सांगितलं, मी लिहिलं. मग ती तशीच, माझ्याकडं न बघता बोलू लागली. आवाज अगदी साधा होता, बाजारातली गोष्ट सांगावी तसा.

"त्येनी मला त्याच दिशी घरी येऊन सांगिटलंवतं. म्हणले, अक्कानं माझं नाव पयलं घाटलंय. मी म्हटलं, का वो? तर म्हणले, तिच्या पदरात दोन पोरी हाईत, नवरा न्हाई. तिनं सवताचं नाव कसं घालावं? भ्याली ती. तिच्या जागी मी असतो तर मीबी दुसऱ्याचंच घाटलो असतो."

मी मान वर केली नाही.

"दिवाणजीनं दारातनं परत लावलं त्या दिशी मी तुझ्याकडं भांडाय निघालेली. त्येनी हात धरला माझा. म्हणले, तिला कवा इचारू नको, पारू. मला शपथ घाटली."

बाहेर टपरीवर कुणीतरी हसलं. मी कसंबसं विचारलं, "मग आज का विचारलंत, वहिनी?"

"तू काय सांगतीस त्ये बघाय," ती म्हणाली.

तिनं शाईची डबी स्वतःच जवळ ओढली, अंगठा त्यात बुडवला आणि मला विचारलं, "कुठं लावू?"

मी बोट ठेवून जागा दाखवली. तिनं तिथं अंगठा उमटवला, पदराला पुसला, आणि भोंगा व्हायच्या आधीच आपल्या यंत्राकडं गेली. पुढं अकरा वर्षं आम्ही शेजारी शेजारी कांड्या भरल्या. मी आजारी पडले तेव्हा त्याच कार्डावर माझं ऑपरेशन झालं, आणि आठ दिवस दोन्ही वेळचा डबा वहिनीनं आणला. त्या आठ दिवसांत मला एकदाही तिला खरं सांगता आलं नाही.